काम चोख असूनही बढती हुकली, तर काय करावे

पगारवाढीची पत्रे वाटली जातात, खात्याच्या नव्या इंचार्जचे नाव जाहीर होते आणि ते आपले नसते. ज्याने वर्षभर रिजेक्शन आटोक्यात ठेवले, रात्रपाळीत भट्टी बंद पडली तेव्हा घरून धावत येऊन ती सुरू करून दिली, ग्राहकाच्या ऑडिटला सगळ्या फायली तयार ठेवल्या, त्याला डावलून त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या सहकाऱ्याला ती खुर्ची मिळते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत, तसेच जिल्ह्यातील साखर कारखाने, बँका, दूध संस्था, शाळा आणि सरकारी कार्यालयांत ही तक्रार सतत कानावर येते. ती बहुतेक वेळा खरी असते आणि तिच्यातला अपमानही खरा असतो. म्हणूनच तिच्यावर रागाने नव्हे तर क्रमाने काम करायला हवे, असे मला मनापासून वाटते. कारण या एका प्रसंगानंतर अनेक गुणी माणसे घाईघाईने राजीनामा देतात किंवा नोकरीत राहूनही मन काढून घेतात, आणि दोन्हींचा तोटा त्यांनाच होतो.

पुढचे सगळे एका समजुतीवर उभे आहे. चांगले काम हा आपण आजच्या पदाला लायक आहोत याचा पुरावा असतो, तर बढती देणारे लोक उद्याच्या पदावर कोण चालेल याचा विचार करत असतात. हा विचार आपण हजर नसलेल्या खोलीत, कधी नीट कागद पाहून तर कधी केवळ ऐकीव मतावर होतो. त्या खोलीत आपल्याबद्दल काय बोलले गेले किंवा काय बोललेच गेले नाही, हे शोधून काढणे हे बढती हुकलेल्या माणसाचे पहिले काम आहे.

पहिले आठवडे

निर्णय कळल्यावर निदान आठवडाभर त्याविषयी कार्यालयात कोणाशीही मत बोलू नये. कोल्हापूरचे उद्योगविश्व मोठे असले तरी आतून अगदी जवळचे आहे. पॅटर्न बनवणारा, मशीनिंगचे जॉबवर्क करणारा, वाहतूकदार आणि साहेब हे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि दुपारी चहाच्या गाड्यावर काढलेला उद्गार संध्याकाळपर्यंत मालकांच्या कानावर गेलेला असतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर सूचक वाक्य ठेवणे, अचानक चार दिवस रजा टाकणे, ओव्हरटाइमला एकाएकी नकार देणे या गोष्टींतून निरोप एकच जातो, तो म्हणजे ‘बरे झाले, याला दिले नाही’.

ज्याला बढती मिळाली त्याचे अभिनंदन प्रत्यक्ष भेटून करावे. ही गोष्ट अवघड आहे, विशेषतः तो माणूस आपल्याच तालुक्यातला, कालपर्यंत आपल्याला ‘दादा’ म्हणणारा आणि आपण ज्याला नावाने हाक मारत होतो असा असेल तर. अशा वेळी दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे, की बैठकीत आणि कामगारांसमोर पदाचा मान ठेवून ‘सर’ म्हणायचे आणि बाहेर नाते पूर्वीसारखेच ठेवायचे. त्याने निर्णय घेतलेला नसतो, तो केवळ निर्णयाचा लाभार्थी असतो. शिवाय पुढच्या वर्षी आपल्या कामाचे मूल्यमापन कदाचित तोच लिहिणार असतो, हेही विसरू नये.

नेमके कुठे अडले, हे ओळखणे

आधी पाहावे की जागा खरोखर होती का. कुटुंबाच्या मालकीच्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये सुपरवायझरच्या वर प्रॉडक्शन मॅनेजर आणि त्याच्या वर थेट मालक किंवा त्यांचे चिरंजीव, एवढीच उतरंड असते. वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत तिथे कितीही चांगल्या कामाला जागा नसते. अशा ठिकाणी पदाऐवजी पगार, जबाबदारीचा विस्तार किंवा दुसऱ्या युनिटची सूत्रे मागणे अधिक शहाणपणाचे, कारण मालकाकडे देण्यासारखे तेच असते.

दुसरे कारण अधिक वेदनादायक आहे आणि ते सर्वांत जास्त आढळते. आपण आजच्या जागेवर इतके आवश्यक झालेलो असतो, की तिथून हलवले तर काम अडेल अशी भीती वरिष्ठांना वाटते. ज्या माणसाशिवाय सँड प्लांट चालत नाही, ज्याच्याशिवाय सीएनसीचा प्रोग्रॅम कोणी दुरुस्त करू शकत नाही, ज्याच्याशिवाय जीएसटीचे विवरणपत्र वेळेत भरले जात नाही, त्याचे कौतुक सगळे करतात आणि त्याला जागेवरून उठवायला कोणी धजत नाही. हे कौशल्य आपण जपून ठेवले म्हणजे आपले महत्त्व टिकेल, असा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. बढतीच्या बाबतीत तो नेमका उलट फळ देतो. म्हणून आपल्या जागेवर बसू शकेल असा एक माणूस स्वतःहून तयार करावा, कामाच्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावाव्यात, दोन दिवस मुद्दाम रजा घेऊन आपल्याशिवाय खाते चालते का ते पाहावे, आणि चालले तर ते साहेबांना अभिमानाने सांगावे. माझ्या मते या संपूर्ण लेखातील हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला आहे.

तिसरे कारण वरच्या पदाला लागणाऱ्या गुणांचे. स्वतः उत्तम काम करणे आणि दहा जणांकडून ते करून घेणे यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतील अनेक कंपन्यांमधील विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, परंतु आधीची विक्री जितकी जास्त, तितके ते व्यवस्थापक म्हणून तुलनेने कमी पडले. कंपन्या नेहमी चांगले काम करणाऱ्याला डावलतात असे त्यामुळे म्हणता येत नाही. पण ज्या वरिष्ठांनी अशा बढत्यांचे चटके सोसले आहेत, ते पुढच्या वेळी आकड्यांपलीकडे पाहतात. अंगावर आलेला ग्राहक शांत करता येतो का, युनियनच्या प्रतिनिधीशी बोलता येते का, खर्चाचा ताळेबंद मालकांसमोर मांडता येतो का, चूक झाली तेव्हा माणसांना सांभाळून घेता येते का, या प्रश्नांची उत्तरे आपल्या उत्पादनाच्या आकड्यांत सापडत नाहीत.

याच अभ्यासकांनी नंतर किरकोळ विक्रीच्या एका मोठ्या कंपनीतील मूल्यमापनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा महिलांना प्रत्यक्ष कामगिरीत पुरुषांपेक्षा सरस आणि ‘पुढील क्षमता’ या रकान्यात मात्र कमी गुण मिळालेले दिसले. आपल्याकडील कार्यालयांत हा रकाना लिहिलेला नसतो, पण मनातल्या मनात तो भरला जातो. ‘लग्न ठरतंय’, ‘मूल लहान आहे’, ‘रात्रपाळीला कशी येणार’ असे दुसऱ्यानेच परस्पर ठरवून टाकलेले असते. म्हणून महिला कर्मचाऱ्यांनी आपली तयारी आधीच स्पष्ट शब्दांत सांगितलेली बरी: कोणत्या पाळ्यांना येऊ शकते, किती प्रवास करू शकते आणि वरचे पद हवे आहे. प्रश्न विचारलाच गेला नाही तरी उत्तर नोंदलेले असावे.

चौथे कारण खास आपल्या भागातले आहे. कोल्हापूर सोडायचे नाही, हा निश्चय आपल्यापैकी अनेकांनी मनाशी केलेला असतो. घरची शेती, ऊस तोडीच्या वेळची धावपळ, वृद्ध आईवडील, मुलांची शाळा आणि इथले पाणी व हवा ही कारणे भक्कम आहेत आणि ती सांगताना कोणी संकोच करू नये. पण राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिकाचा अधिकारी होताना बदली जवळपास ठरलेली असते, आणि ज्या कंपन्यांचे दुसरे युनिट पुणे-चाकण पट्ट्यात आहे त्यांच्या वरच्या जागा अनेकदा तिकडेच असतात. साहेबांनी तीन वर्षांपूर्वी सहज विचारल्यावर ‘मला इथून हलवू नका’ असे आपण म्हटलेले असते, आणि ते वाक्य आपल्या नावापुढे कायमचे चिकटून राहते. परिस्थिती बदलली असेल, म्हणजे मुले मोठी झाली असतील किंवा भावाने शेती सांभाळायला घेतली असेल, तर ते आवर्जून सांगावे. बदलली नसेल तर कोल्हापुरात राहणे ही आपली निवड आहे आणि बढती तिची किंमत असू शकते, हे घरच्यांसोबत बसून मोकळेपणाने ठरवावे. असे ठरवलेल्या माणसाला पुढच्या वर्षी तेवढा त्रास होत नाही.

आणि कधीकधी कारण निव्वळ पक्षपात हेच असते. नातलग, एकाच गावचा, संचालकांचा माणूस. ते ओळखण्याची खूण अशी, की पुढे दिलेले प्रश्न वरिष्ठांना विचारल्यावर प्रत्येक वेळी वेगळे उत्तर मिळते.

वरिष्ठांशी बोलणे

राग ओसरल्यावर, साधारण पंधरा दिवसांनी, वेळ मागून घेऊन भेटावे. शॉपफ्लोअरवर उभ्याउभ्या किंवा महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या गडबडीत हा विषय काढू नये. सुरुवात अशी करता येईल: ‘साहेब, झालेला निर्णय मी मान्य केला आहे, तो बदला असे म्हणायला आलेलो नाही. पुढच्या वेळी माझा विचार व्हावा यासाठी माझ्यात काय कमी दिसले, ते तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.’ या वाक्याने समोरच्याचा बचावाचा पवित्रा बराचसा सैल होतो.

यानंतर ‘मला का दिली नाही?’ असे विचारण्यापेक्षा काही नेमके प्रश्न विचारावेत. या पदासाठी तुम्ही कोणत्या तीन गोष्टी पाहिल्या? त्यांपैकी कोणत्या गोष्टीत मी मागे होतो? निर्णय घेताना माझे नाव चर्चेत होते का, आणि होते तर ते कोणी मांडले? पुढची जागा साधारण केव्हा निघेल? ‘तुझे काम चांगलेच आहे रे, थोडा धीर धर’ असे उत्तर आले, तर नम्रपणे एक उदाहरण मागावे: ‘गेल्या वर्षभरातला एखादा प्रसंग सांगा, जिथे मी वेगळे वागायला हवे होते.’ प्रसंग सांगितला गेला की वाद घालू नये, लिहून घ्यावा. स्पष्टीकरण देण्याची उबळ फार जोराची असते. पण स्पष्टीकरण दिले की समोरचा बोलायचे थांबतो आणि आपण ज्यासाठी आलो ती माहिती तिथेच आटते. दुसऱ्याची तुलना तर मुळीच काढू नये. ‘त्याला काय येते?’ हा प्रश्न विचारल्यावर साहेबांना आपल्याच निर्णयाचे समर्थन करत बसावे लागते.

भेट झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल पाठवावा. त्यात वेळ दिल्याबद्दल आभार, ठरलेल्या दोन-तीन गोष्टी, त्या कधीपर्यंत करणार याचा महिना आणि मध्ये एकदा आढावा घेण्याची विनंती एवढेच असावे. आपल्याकडे हा भाग बहुतेक जण टाळतात, साहेबांना कागद दाखवणे उद्धटपणाचे वाटते. परंतु साहेब बदलतात, मालकांचे चिरंजीव कारभार हाती घेतात, आणि तोंडी दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो.

त्यानंतर स्वतःच्या कामाची एक वही ठेवावी. दर महिन्याला तीन-चार नोंदी पुरतात, मात्र त्या परिणामाच्या भाषेत असाव्यात. ‘फेटलिंग विभागात लक्ष दिले’ यातून काही कळत नाही. अमुक जॉबचे रिजेक्शन किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आले, त्यामुळे महिन्याला किती रुपये वाचले आणि ते करताना कोणाला शिकवले, हे लिहिले तर मूल्यमापनाच्या वेळी तेच पान पुढे करता येते. निर्णयाच्या खोलीत बसणाऱ्या निदान आणखी एका माणसाला आपले काम ठाऊक असणेही गरजेचे आहे. क्वालिटी, खरेदी किंवा अकाउंट्स या खात्यांबरोबरचे एखादे संयुक्त काम अंगावर घेणे हा त्याचा सरळ मार्ग आहे. इंडियन फाउंड्रीमेन संस्थेची कोल्हापूर शाखा किंवा कोल्हापूर इंजिनीअरिंग असोसिएशन यांच्या कार्यक्रमांना जाण्याचा उपयोग असा, की आपल्या कारखान्याच्या भिंतीबाहेरही लोक आपल्याला कामावरून ओळखू लागतात.

सहकारी संस्था, शाळा आणि सरकारी नोकरी

साखर कारखाना, सहकारी बँक किंवा दूध संघात बढतीचा निर्णय संचालक मंडळापर्यंत जातो, म्हणून तिथे सेवानियम आणि मंजूर आकृतिबंध (म्हणजे संस्थेतील मंजूर पदांची यादी) हे दोन कागद आधी वाचावेत. पद आकृतिबंधात आहे का, ते ज्येष्ठतेने भरायचे की परीक्षेने, किती वर्षांचा अनुभव हवा, हे त्यात लिहिलेले असते. नियमात बसत नसताना नाराज होण्यात आणि नियमात बसत असताना गप्प राहण्यात सारखेच नुकसान आहे.

खासगी कारखान्यातील कामगाराला संघटनेच्या कामामुळे बढती नाकारली गेली असेल, किंवा गुणवत्ता बाजूला ठेवून ठरावीक कामगारांना झुकते माप दिले गेले असेल, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या अधिनियमात त्या दोन्हींचा उल्लेख आहे आणि औद्योगिक न्यायालयात तक्रार करण्याची मुदत ९० दिवसांची आहे. हा कायदा कामगारांसाठी आहे, व्यवस्थापकांसाठी नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिताही लागू झाल्या असल्याने संघटनेच्या किंवा जाणकार वकिलाच्या सल्ल्यानेच हे पाऊल टाकावे.

खासगी शाळेतील शिक्षकांसाठी १९७७ चा अधिनियम अधिक स्पष्ट आहे. पदोन्नतीने नेमणूक करताना व्यवस्थापनाने आपल्याला डावलले, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत अवघी ३० दिवस आहे. मुख्याध्यापक पदावरून डावलले गेलेले शिक्षक संस्थाचालकांच्या आश्वासनावर विसंबून हे तीस दिवस घालवतात, याचे फार वाईट वाटते.

सरकारी कर्मचाऱ्याने पदोन्नतीचा विचार आदल्या वर्षीच सुरू करायला हवा. तात्पुरती ज्येष्ठतासूची प्रसिद्ध झाली की तिच्यातील आपला क्रमांक, नियुक्तीचा दिनांक आणि विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक तपासून मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. अंतिम सूचीनंतर तीच दुरुस्ती कितीतरी पट कठीण होते. विहित मुदतीत आणि संधींत परीक्षा उत्तीर्ण न झाल्यास ज्येष्ठता गमवावी लागू शकते, आणि उत्तम काम करणारे कर्मचारी कामाच्या ओझ्यापायी नेमकी हीच परीक्षा पुढे ढकलतात.

मूल्यमापन अहवालाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १२ मे २००८ रोजीचा देव दत्त प्रकरणातील निकाल माहीत असावा. देव दत्त या अभियंत्याच्या पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे ‘खूप चांगला’ असा शेरा आवश्यक होता. एका वर्षी त्यांना केवळ ‘चांगला’ मिळाला, तो त्यांना कळवला गेला नाही आणि पदोन्नती हुकली. प्रतिकूल शेराच कळवावा लागतो, हा शासनाचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला आणि प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध निवेदन देता येईल, असे ठरवले. म्हणून दरवर्षी आपली प्रत मिळवावी आणि ‘चांगला’ हा शब्द वाचून समाधान मानू नये, तो पुरेसा आहे का ते पाहावे.

विभागीय पदोन्नती समितीच्या इतिवृत्तासाठी आणि स्वतःच्या अहवालांसाठी माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. सहकाऱ्याचे गोपनीय अहवाल मात्र मागू नयेत. तसे अर्ज वैयक्तिक माहितीच्या कारणाने फेटाळले जातात आणि संबंध उगाच बिघडतात. पदोन्नती मिळणे हा हक्क नाही, पण पात्र असताना आपला विचार होणे हा संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार मूलभूत हक्क आहे, आणि निवेदनाची भाषा याच धाग्यावर असावी. चौकशीची नुसती कुजबुज सुरू आहे म्हणून समितीचा आपल्याबद्दलचा निर्णय मोहोरबंद पाकिटात रोखून ठेवता येत नाही, त्यासाठी दोषारोपपत्र बजावलेले असावे लागते, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे.

निवेदनाने काम झाले नाही, तर राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तिथे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते आणि निवेदनावर सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यानंतर एक वर्ष मिळते. अर्जामागून अर्ज दिल्याने ती वाढत नाही. या न्यायाधिकरणासाठी कोल्हापूरकरांना मुंबई गाठावी लागते. जिल्हा परिषदेचे कर्मचारी त्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने, दशकांच्या मागणीनंतर का होईना, त्यांची ही पायपीट वाचली आहे.

सोडायची वेळ आली तर

ठरलेल्या गोष्टी केल्या, आढावा झाला, पुढची जागाही निघाली आणि तरीही उत्तर तेच आले, तर बाहेर पाहायला सुरुवात करण्यात कोणताही कृतघ्नपणा नाही. मात्र दुसऱ्या जागेचे लेखी पत्र हातात येईपर्यंत राजीनाम्याची भाषा करू नये. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतो, तेव्हा पाच वर्षे भरायला थोडे महिने उरले असतील तर राग तेवढा काळ आवरावा. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता त्याच यूएएनवर (निधीच्या खात्याच्या कायम क्रमांकावर) नव्या ठिकाणी वर्ग करावा, कारण निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा त्यात मोजली जाते. नोटिशीचा काळ पूर्ण काम करून द्यावा आणि अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्तीचे पत्र घेतल्याशिवाय शेवटचा दिवस संपवू नये.

राजीनामा दिल्यावर अनेकदा त्याच दिवशी मालकांचे बोलावणे येते आणि वर्षभर न मिळालेली बढती समोर ठेवली जाते. ती स्वीकारण्यात गैर काही नाही. फक्त पद, पगार, हाताखालची माणसे आणि लागू होण्याचा दिनांक हे चारही लेखी मिळेपर्यंत नव्या ठिकाणी नकार कळवू नये, आणि मालकांकडे विचार करण्यासाठी दोन दिवस मागून घ्यावेत.